उजवा हात डोळ्यांवर

बाबा, काका आता माझ्याकडेच असतात. चिखलोलीच्या या नव्या इमारतीत, हॉलला लागून असलेल्या छोट्या खोलीत, खिडकीशी त्यांचा पलंग टाकलाय. सत्त्याऐंशी वर्षांचे झालेत. तुमचे जन्मभराचे मित्र आणि माझे सासरे. पण लग्नाआधी मी त्यांना काका म्हणायचे आणि लग्नानंतरही काकाच म्हणत राहिले, कारण बाबा ही हाक रिकामी नव्हती. इथे नवं स्टेशन होणार म्हणून आम्ही फ्लॅट घेतला. स्टेशन अजून व्हायचंय. काका रोज सकाळी उशीवरून मान उचलून विचारतात, झालं का गं, आणि मी म्हणते, होईल. बोलणं आता फार तुटक झालंय त्यांचं, दोन शब्दांनंतर धाप लागते. मंगळवारी दुपारी मात्र त्यांनी मला जवळ बसवून, थांबत थांबत, पुरती वाक्यं बोलून दाखवली, आणि तेव्हापासून मी तुम्हाला हे लिहायचं टाळत होते. ती तुमच्या शेवटच्या दुपारबद्दल होती. बावीस वर्षं झाली त्या दुपारला, आणि तेव्हा काय झालं याबद्दल मी दोन ठिकाणी दोन वेगळ्या खोट्या गोष्टी सांगून बसले आहे. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात, कारण मी तुमची मुलगी आणि तुमच्या उशाशी मीच होते.

सुरुवात बॉयलरपासूनच करावी लागेल. अंबरनाथच्या त्या मिलचा बॉयलर कधी थंड होऊ द्यायचा नसे, शनिवारी नाही आणि रविवारीही नाही. तुम्हाला शनिवार हवा होता, काकांना रविवार. म्हणून नोकरीला लागलात त्याच वर्षी तुम्ही दोघांनी ठरवून टाकलं की शनिवारी काका उभे राहणार आणि रविवारी तुम्ही. साहेब बदलले, युनियन बदलल्या, कोळसा जाऊन तेल आलं, ही अदलाबदल तीस वर्षं तशीच राहिली. बाकीच्या दिवशी तुम्ही दोघं एकाच पाळीला. ते तुम्हाला शनवारी म्हणत, आपल्या यहुदी लोकांना कोकणात, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून, शनवार तेली म्हणायचे त्यावरून, आणि तुम्ही त्यांना पाद्री म्हणायचात, कारण रविवारी ते कॉलनीतल्या छोट्या चर्चमध्ये उपदेश करायला उभे राहत. मी तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा कधीकधी तुमची प्रार्थनेची वेळ असायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहायचात, उजवा हात डोळ्यांवर ठेवायचात आणि ती एकच ओळ म्हणायचात, देव एक आहे हे सांगणारी. डोळे झाकायचे ते लक्ष दुसरीकडे जाऊ नये म्हणून, असं तुम्हीच सांगितलं होतं. बॉयलरसमोर डोळे झाकणं म्हणजे नोकरी जायचं काम. पण काका शेजारी येऊन उभे राहत. "तू डोळे झाक, गेज मी बघतो," असं म्हणत आणि खरोखरच वाफेच्या दाबाच्या काट्यावरून नजर काढत नसत. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंच पुन्हा लिहिलं.

आणि मग डबे उघडले की भांडण. भांडण कसलं, तुमची करमणूक होती ती, पण दोघंही त्यात जीव ओतायचात. आपल्या एका संदेष्ट्याने लिहून ठेवलंय की एक मूल जन्माला आलं, राज्याचा भार त्याच्या खांद्यावर असेल आणि त्याचं नाव पडेल अद्भुत सल्लागार, पराक्रमी देव, सदाचा बाप, शांतीचा राजा. काकांचं म्हणणं सरळ होतं. बाळाला देव म्हटलंय, तर ते बाळ देवच, आणि असं बाळ जगात एकदाच जन्मलं, गोठ्यात. तुमचं म्हणणं असं की नाव बाळाला पडलं तरी त्यात गुण सांगितलेत ते नाव देणाऱ्याचे. आपल्या राजांच्या नावांत देव असायचाच, म्हणून कोणी त्यांची पूजा केली नाही. "माझ्या नावाचा अर्थ काय, पाद्री? देव माझा बाप. माझी आई याच नावाने हाक मारून मला नळावर पिटाळायची. मग हंडे कोण भरत होतं, देव?" काका हसायचे, पण सोडायचे नाहीत. "तुझ्या आईने ठेवलेलं नाव वेगळं नि संदेष्ट्याने ठेवलेलं वेगळं. लेकराला सदाचा बाप कोण म्हणतं, शनवारी? त्यात काहीतरी आहे म्हणूनच म्हटलंय ना." तुम्ही पोळीचा तुकडा मोडत म्हणायचात, "त्यात एवढंच आहे की बाप वर आहे नि लेकरू खाली."

तुमच्या मते ते मूल म्हणजे त्या काळचा आपला एक चांगला राजा, ज्याच्या कारकिर्दीत शहर वेढ्यातून वाचलं. काका विचारायचे, मग अंत नसलेली शांती कुठे गेली? तुझा राजा मेला आणि त्याच्याच पोराने सगळं बुडवलं. इथे तुमची बाजू लंगडी पडायची. घरी येऊन तुम्ही ते आईजवळ कबूल करायचात, मी ऐकलंय. त्यांच्यासमोर मात्र म्हणायचात, "म्हणून तर अजून वाट बघतोय. तुझा येऊन गेला, तरी आपल्या मिलला टाळं लागायचं ते लागतंच." एकदा काका दुसऱ्या संदेष्ट्याचं वचन घेऊन आले, येणाऱ्या राजाला तिथे साक्षात देवाचं नाव दिलंय. तुम्ही पुढची पानं उलटून दाखवलंत की तेच नाव तो यरुशलेम शहरालाही देतो. मग शहर पण देव का रे? पुढच्या सोमवारी डबा उघडायच्या आधीच काकांनी उत्तर दिलं, की शहरात देव राहतो म्हणून शहराला त्याचं नाव पडलं, तर माणसात राहिला तर माणसाला का पडू नये? तुम्ही तोंडातला घास संपवलात. मग म्हणालात, "दारावर त्याची पाटी लाव, माझी ना नाही. पण घराला घरमालक म्हणू नको." ही वाक्यं मला पाठ आहेत. दोघांपैकी कोण बरोबर हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

मी दहा वर्षांची असताना काकींनी कॉलनीतल्या सगळ्या पोरांना नाताळच्या कार्यक्रमासाठी तयार केलं. कोण कोणत्या धर्माचं हे तिथे कोणी बघत नसे. मला तेच वचन दिलं. मी हॉलमध्ये खणखणीत आवाजात चारही नावं म्हटली, टाळ्या पडल्या, कंपासपेटी मिळाली. घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात काळे मनुके चोळून त्यांचा रस गाळत होती, म्हणजे शुक्रवार असणार. आपल्याकडे शुक्रवारी मावळतीला, शनिवार पाळायला सुरुवात करताना, दारूऐवजी त्या सरबतावरच प्रार्थना व्हायची. तुम्ही म्हणालात, म्हणून दाखव. मी म्हटलं. मला वाटलं होतं तुम्ही रागवाल. तुम्ही विचारलंत, "हे कोणाबद्दल आहे, माहीत आहे?" मी म्हटलं, येशूबद्दल. "काकी तसं म्हणतात. आपण तसं म्हणत नाही. पाठ केलंस ते चांगलं केलंस, विसरू नको. पण आता ही दुसरी ओळ शिक, आणि ती शेवटपर्यंत लक्षात ठेव." मग माझा उजवा हात तुम्ही स्वतःच्या हाताने उचलून माझ्या डोळ्यांवर ठेवलात. ओळ लहानशी होती, जेमतेम सहा शब्दांची. तुम्ही म्हणालात, माणूस जाताना ही ओळ त्याच्या तोंडी असावी लागते, आणि त्याला म्हणता येत नसेल तर जवळच्याने म्हणायची. आई म्हणाली, पोरीला आत्तापासून कसलं मरणाचं सांगता. तुम्ही म्हणालात, आत्ता सांगितलं तरच तेव्हा येईल.

काकांच्या मुलाशी मी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तुम्ही काकांना म्हणालात, "पाद्री, वाद घालायचा ठरला होता, मुलगी न्यायची नव्हती ठरली." गमतीने म्हणालात, पण त्यानंतर महिनाभर दोघांनी डबे वेगवेगळे खाल्ले. लग्नाला आलात. चर्चच्या आत आला नाहीत, बाहेर कंपाउंडच्या कट्ट्यावर नवी टोपी घालून बसलात, आणि जेवणाच्या वेळी फक्त दोन केळी खाल्लीत. जाताना मला कागदात गुंडाळलेला चांदीचा पेला दिलात, सरबतावर प्रार्थना करायचा, आजोबांपासून आलेला. "वापर किंवा नको वापरू, पण दुसऱ्या कोणाला देऊ नको," एवढंच म्हणालात. मी तो शोकेसमध्ये ठेवला, आणि पुढे त्यात बटणं आणि सेफ्टी पिना साठत गेल्या. सहा महिन्यांनी मी बाप्तिस्मा घेतला. मला तुम्हाला सांगायचं होतं. रोज उद्यावर ढकलत राहिले आणि तुम्हाला ते बॉयलरपाशी काकांकडून कळलं. त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात आलात, आत न येता म्हणालात, "तू काय केलंस त्याचं मला दुःख आहे. पण तू बोलली नाहीस त्याचा राग आहे. जिथे बोलायचं तिथेच तुझी दातखीळ बसते." बाबा, आयुष्यात तुम्ही मला एवढंच रागावलात आणि ते अगदी अचूक होतं.

दादा इस्राएलला गेला, पुढच्याच वर्षी आई गेली. दादाने किती बोलावलं तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, तिथे सगळेच माझ्या बाजूचे, वाद कोणाशी घालू? शेवटी आमच्याकडे राहायला आलात, तेव्हा आम्ही बदलापूरला भाड्याने होतो. तुमची भांडी मी आपल्या रीतीप्रमाणे वेगळी ठेवली, दुधाची वेगळी आणि मटणाची वेगळी, त्यात कधी चूक केली नाही. अशा गोष्टी मला चांगल्या जमतात. मग त्या पावसाळ्याच्या शेवटी तुम्हाला झटका आला आणि उल्हासनगरच्या एका नर्सिंग होममध्ये हलवलं. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, समजतंय, पण आता फार दिवस नाहीत. दादाला तिकीट मिळेना.

तिसऱ्या दिवशी चार वाजता, भेटायची वेळ झाली तेव्हा चर्चची मंडळी आली. आठ-नऊ जण होते, पलंगाभोवती उभे राहिले. हे औषधं आणायला खाली गेले होते. काकांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थनेला सुरुवात केली. आणि त्यांनी तीच नावं घेतली. पराक्रमी देवा, सदाच्या बापा, शांतीच्या राजा, या तुझ्या लेकराला आता तरी तुझी ओळख पटू दे. तीस वर्षं ज्या नावांवरून तुम्ही दोघं भांडलात, ती नावं तुमच्या कानाशी, आणि तुम्हाला पहिल्यांदाच उत्तर देता येत नव्हतं. मी पायथ्याशी उभी होते. मी पाहिलं की तुमचा डावा हात चादरीवरून सरकतोय. तो उजव्या मनगटापर्यंत गेला, त्याने मनगट पकडलं आणि तो मेलेला हात उचलायला लागला. एकदा सुटला. पुन्हा पकडलात. छातीवरून, गळ्यावरून, अगदी सावकाश तुम्ही तो उजवा हात ओढत नेलात आणि डोळ्यांवर ठेवलात आणि डाव्या हाताने तिथे दाबून धरलात. डावा हात तर चालत होता, नुसते डोळेच झाकायचे असते तर तो पुरला असता. मंडळींपैकी एक बाई हुंदका देऊन म्हणाली, बघा, रडताहेत, प्रभूने हृदय मऊ केलं. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटची बायको, एक सिंधी आजी, तिने मला हळूच म्हटलं, "बेटा, उजेड लगता है उनको, पडदा ओढून घे ना." आणि मी हलले नाही म्हणून तिनेच उठून पडदा ओढला. काका मध्येच एकदा थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटलं, धाप लागली असेल. मग पुन्हा बोलू लागले, आधीपेक्षा मोठ्याने.

तुम्ही वाट बघत होतात. जवळच्याने म्हणायची ती ओळ, आणि जवळची मीच होते. मी घाबरून गेले होते, मला शब्द आठवेनात. आमेन झालं, मंडळी गेली, तुमचा हात घसरून उशीवर पडला. तो मी चादरीखाली नीट ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. ठाण्याला फोन करून मी आपल्या लोकांना बोलावलं, प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमले, त्यांनी तुम्हाला आंघोळ घालून पांढऱ्या कपड्यात गुंडाळून रीतसर नेलं, तेवढं मी केलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटी म्हटलं का त्यांनी?" मी म्हटलं, हो, म्हटलं. "तू ऐकलंस?" ऐकलं, मी म्हटलं, अगदी स्पष्ट. तो मोठ्याने रडला आणि देवाचे आभार मानले. पुढे त्याने नातवाला तुमचं नाव ठेवलं, आणि त्या पोराला तो गोष्ट सांगतो की तुझे पणजोबा वाचा गेलेली असतानाही ती ओळ म्हणून गेले. इकडे पुढच्याच रविवारी चर्चमध्ये साक्ष दिली गेली की एका कट्टर यहुदी माणसाने अखेरच्या घटकेला रडत रडत प्रभूला मानलं. साक्ष काकांनी दिली नाही, त्या हुंदका देणाऱ्या बाईंनी दिली. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली, आणि ती मान खाली घालणं हीच माझी साक्ष झाली. त्यानंतर जवळजवळ दर नाताळात कोणी ना कोणी ती गोष्ट सांगतं. त्यात भर पडत गेली. आता तर तुम्ही हात जोडले होते असंही सांगतात.

मंगळवारी मी काकांना त्या चांदीच्या पेल्यातून चमच्याने पाणी पाजत होते. हो, बटणं काढून तो मी घासला, काकांना काच धरवत नाही आणि स्टीलला वास येतो म्हणतात. ते पेल्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तो उजवा हात होता." मी म्हटलं, काय काका? "त्याने उजवा हात नेला. मला माहीत होतं कशाला नेला. जन्मभर त्याने डोळे झाकले नि मी गेज बघितलं. त्या दिवशी त्याने डोळे झाकले, नि मी बोलत राहिलो." मग धाप लागली. मी पाठ चोळली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी थांबलो होतो. तुझ्यासाठी. तू म्हणशील म्हणून. तू म्हटलं असतंस तर मी पुढे बोललो नसतो." मी विचारलं, मग साक्ष दिली जात होती तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? ते म्हणाले, "मला वाटत होतं, न जाणो, नंतर पटलं असेल. मला पटायला हवं होतं. मित्र आहे माझा, तो बाहेर कसा राहील?" आणि मग म्हणाले, "रविवारी मंडळी माझ्यासाठी प्रार्थनेला येतील, तेव्हा मला सांगायचंय, पण जीभ चालणार नाही. तू सांग. मी त्याला भेटायला चाललोय, ही खोटी गोष्ट घेऊन कसा जाऊ."

म्हणजे पुन्हा तेच, बाबा. पलंगावर वाचा जात चाललेला म्हातारा, भोवती मंडळी, आणि जे बोलायचं ते बोलू शकणारी एकटी मीच. मंगळवारपासून मी कामाशिवाय तोंड उघडलं नाही. ह्यांनी विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, पित्त.

आज ते आले. पाच वाजता, सात जण, आणि त्यात नवे पाळक, आमच्या मुलीच्या वयाचे, चांगले आहेत स्वभावाने. गाणं झालं. मग पाळकांनी सुरुवात केली की या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या प्रार्थनेने किती मोठं काम झालंय, त्यांचे यहुदी मित्र शेवटच्या क्षणी कसे प्रभूजवळ आले. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो खाली ठेवला असता तर मी बोलले नसते, म्हणून हातात धरूनच म्हटलं, "तसं झालं नव्हतं. माझ्या वडिलांनी काही मान्य केलं नव्हतं. त्यांनी त्यांची स्वतःची प्रार्थना म्हणण्यासाठी डोळे झाकले होते. मला ते तेव्हाच कळलं होतं. काकांनाही कळलं होतं." ह्यांनी ट्रे माझ्या हातातून घेतला. आणि पुढे काय झालं माहीत आहे? काहीच नाही. पाळक मऊ आवाजात म्हणाले, "हृदयातलं देव जाणतो, ताई." एक बाई म्हणाली, बरं केलंत सांगितलंत, मनावर ओझं नको. हुंदका देणारी ती बाई कधीच वारलीय. कोणीतरी बिनसाखरेचा चहा आहे का विचारलं. पुढचं गाणं कोणतं ते ठरलं. बावीस वर्षं मी ज्याला भीत होते तो प्रकार एवढासा होता, चहा निवायच्या आत संपला. माझ्यापासून कोणी लांब सरकलं नाही. त्या दिवशी उल्हासनगरलाही कोणी सरकलं नसतं. मंडळी गेल्यावर काकांनी पाणी मागितलं, दोन चमचे प्यायले आणि म्हणाले, "उशीर केला आपण." त्यात मला दोष देणं नव्हतं, आपण म्हणाले. मी पेला धुऊन उपडा ठेवला.

आता ते झोपलेत आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहितेय. दादाला अजून सांगितलेलं नाही. मघाशी फोन हातात घेतला होता. तिकडे तो पोरगा आता मोठा झालाय, तुमच्या नावाचा, तुमची गोष्ट ऐकून वाढलेला. चर्चला खरं सांगताना मी फक्त एक खोटं काढून घेतलं. दादाला सांगितलं तर त्याच्या हातातून त्याचा बाप काढून घेतल्यासारखं होईल, आणि हे माझं भित्रेपण आहे की दया, ते मला कळत नाही. फोन मी परत चार्जिंगला लावला. तुमचा राग अजून तिथेच आहे, दारात, आत न आलेला, हे मला माहीत आहे.

हे पत्र मी कुठे पाठवणार. काकांना पेला लागेनासा झाला की घडी करून त्यात ठेवेन आणि पेला पुन्हा शोकेसमध्ये जाईल. पण त्याआधी वरचं एक वाक्य दुरुस्त करायला हवं. आज सगळ्यांसमोर खरं बोलून आल्यावर, इथे एकटी बसून, तुम्हाला लिहितानासुद्धा मी ते सवयीने लिहून गेले. स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की हात आपोआप वळला. मी लिहिलंय की मी घाबरले आणि मला शब्द आठवेनात. बाबा, मी घाबरले नव्हते. त्याच महिन्यात मला चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष केलं होतं, मंडळातल्या चौघीजणी पलंगाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर मला यहुद्याची पोर म्हणून दिसायचं नव्हतं. एवढंच कारण होतं. तुम्ही हात डोळ्यांवर नेलात आणि काका थांबले, तेव्हा ते सहाच्या सहा शब्द माझ्या तोंडात तयार होते.